अलकनंदा टॉकीजचा श्वासलेख

श्वासलेखक बसवायला पावणेदोन तास लागले. त्यातला सव्वा तास गुळवणी सरांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यात गेला.

साल २०३८, शनिवारची दुपार. इचलकरंजीच्या अलकनंदा टॉकीजमधली हवा ज्या पत्र्याच्या नळातून बाहेर फेकली जाते, त्या नळाशी डॉ. मृण्मयी टिपणीस शिडीवर उभ्या होत्या. वितरक कंपनीच्या शास्त्रज्ञ म्हणून त्या पुण्याहून आल्या होत्या. शिडी धरून खाली उभे होते सदानंद गुळवणी, म्हणजे शाळेत एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ आणि इचलकरंजी विज्ञानकथा रसिक मंडळाचे चिटणीस. शिडी धरायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे हे यंत्र प्रेक्षकांचा श्वास हुंगतं," सर म्हणाले.

"हुंगतं म्हणा हवं तर. आपल्या स्नायूंमध्ये आयसोप्रीन नावाचा वायू साठत असतो. माणूस दचकला, उत्कंठेनं ताठ झाला, की मांड्या, पोटऱ्या, मुठी आवळल्या जातात. साठलेला वायू रक्तात येतो, रक्तातून फुप्फुसात, तिथून उच्छ्वासात. एका माणसाचा पत्ता लागत नाही. पण तीनशे माणसं एकाच क्षणी आवळली गेली, की अर्ध्या मिनिटात या नळात रेघ वर चढते."

"आणि कंटाळली तर?"

"रेघ आडवी."

मग बाईंनी पुढचं सांगितलं. प्रत्येक चित्रपटाचा स्वतःचा एक श्वासलेख असतो. नागपूर असो की नांदेड, त्याच जागी तो चढतो, त्याच जागी उतरतो. टाळ्या भाड्यानं मिळतात, परीक्षणं यंत्रं लिहितात, चाहते तिकिटं घाऊक काढून हॉल रिकामे ठेवतात. श्वास मात्र खोटं बोलत नाही, असं कंपनीचं मत पडलं होतं. पुढच्या महिन्यापासून चाचणीत उत्तीर्ण होणाऱ्या थेटरांनाच नवे चित्रपट मिळणार होते. ज्या थेटरात पडदा अंधूक, आवाज फाटका आणि प्रेक्षक मोबाइलमध्ये मान घालून, तिथे पाठवून उपयोग काय?

"पण मध्यंतर कुठे लहान, कुठे मोठं," सर म्हणाले. "आमच्याकडं गाण्याला वन्स मोअरही मिळतो."

"म्हणूनच यंत्र घड्याळ बघत नाही. दारं बंद झाल्यापासून हॉल रिकामा होईपर्यंत ते फक्त शिखरांचा क्रम आणि उंची बघतं. उद्याच्या 'चौथं दीपगृह' या चित्रपटात शेवटाला तीन शिखरं आहेत. पहिलं लहान, दुसरं त्याच्या दुप्पट, तिसरं सगळ्यांत उंच. मधली लहानसहान शिखरं धरत नाही. ही तीन ओळीनं आली, की हॉल उत्तीर्ण."

"आणि न्हाई आली तर?"

हा प्रश्न दारातून आला. थेटरच्या मालकीण पद्मजा मगदूम, सगळ्या गावाच्या वहिनी, हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभ्या होत्या. वय बासष्ट. नवरा गेल्यापासून बावीस वर्षं त्यांनी थेटर एकटीनं चालवलं होतं. तिकीट खिडकी, कॅन्टीन आणि दार या तीन जागांमध्ये त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि स्वतःच्या थेटरातल्या खुर्चीत बसून त्यांनी एकही सिनेमा सबंध पाहिला नव्हता.

"तर चित्रपट मिळणार नाहीत," डॉ. टिपणीस म्हणाल्या. गोड बोलून फिरवायची त्यांना सवय नव्हती. "फेरचाचणी वर्षभरानं."

"वर्षभर बंद थेटर कोण ठेवतंय? सूतवाला रोज येऊन हॉल मोजून जायला लागलाय. फेल झालं की सोमवारी सुताचं गोडाऊन," वहिनी म्हणाल्या आणि कॅन्टीनकडे गेल्या.

सर त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. रसिक मंडळाची पहिली सभा याच थेटरच्या बाल्कनीत झाली होती. मंडळाचा मोठमोठ्यानं चालणारा वाद वहिनींनी अठ्ठावीस वर्षं खपवून घेतला होता, वर चहाही पाजला होता. सरांनी त्या दिवशी डॉ. टिपणीसांना एकूण सतरा प्रश्न विचारले. अठरावा सुचला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

रविवारी सकाळी थेटरसमोरचा रस्ता बघण्यासारखा होता. नवा चित्रपट लोकांपर्यंत पोचवायचा म्हणून मंडळानं कंबर कसली होती. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव इथल्या विज्ञानकथाप्रेमींना बोलावून तीनशेच्या वर डोकी जमवली होती. यंत्रमागावर डाग पडून वाया गेलेल्या पांढऱ्या कापडाचे अंतराळवेश शिवले होते. ते घालून दीडशे जण सायकलींवरून गावभर फिरले, पुढे हलगी, मागे पुठ्ठ्याचं यान. पेठेतल्या लोकांनी आधी टिंगल केली, मग फोटो काढले. यानाचं नाक वळणावर विजेच्या खांबाला लागून वाकलं ते तसंच राहिलं. वहिनी थेटरच्या पायरीवर उभ्या राहून येईल त्याच्या हातात भडंगाची पुडी देत होत्या आणि प्रत्येकाला बजावत होत्या, "सावकाश. शेवटची पायरी उंच हाय."

बारा वाजता सरांनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून दार लावून घेतलं. डॉ. टिपणीस तेव्हा जेवायला गेल्या होत्या.

"मंडळी," सर म्हणाले, "सिनेमा बघण्याआधी त्याची गोष्ट ऐकायची नाही, हा आपला दंडक. तो मी मोडणार नाही. गोष्ट मलाही ठाऊक नाही. पण पुण्याचा आणि नागपूरचा श्वासलेख धंद्याच्या साप्ताहिकात छापून आलाय. कितव्या मिनिटाला लोकांचं अंग आवळतं, ते आपल्याला माहीत आहे. लहान शिखरं अकरा, मोठी तीन. प्रत्येक वेळी मी टॉर्च वर करीन. तुम्ही मांड्या, पोटऱ्या, मुठी आवळायच्या. दहा सेकंद."

मंडळाच्या अध्यक्ष तहसीन मुजावर पहिल्या रांगेत होत्या. त्या मुलींच्या कबड्डी संघाच्या प्रशिक्षक.

"सर, ही कॉपी झाली की," त्या म्हणाल्या.

"कॉपी कशी? आपण तीनशे जण खरोखर उत्सुक आहोत. पण नेमक्या वेळी कुणी खोकलं, कुणी पुडी फोडली, तर वहिनींचं थेटर जायचं. ही फक्त तयारी."

तहसीनना ते पटलं नव्हतं. पण वहिनींचं नाव निघाल्यावर त्या उठल्या, आणि एकदा उठल्यावर त्यांच्यातली प्रशिक्षक जागी झाली. सव्वादोनपर्यंत तालीम चालली. चौदा शिखरं, चार वेळा. सोलापूरच्या एका वयस्कर सदस्यांच्या पोटरीत गोळा आला, तेव्हा शेजाऱ्यानं तो चोळून दिला. जो तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला, जमतंय.

अडीच वाजता दारं बंद झाली. बेळगावचे एक पाहुणे आले नव्हते. एक खुर्ची रिकामी दिसली तशी डॉ. टिपणीसांनी दारात उभ्या असलेल्या वहिनींना हात करून तिथे बसवलं. "हॉल भरलेला हवा," त्या म्हणाल्या. वहिनी खुर्चीच्या कडेवर, केव्हाही उठता येईल अशा बसल्या. सिनेमा उपग्रहावरून थेट कंपनीकडून सुरू झाला.

मध्यंतर झालं तीन चौतीसला. सर जवळजवळ पळतच यंत्रखोलीत गेले.

यंत्राच्या छोट्या पडद्यावर रेघ दिसत होती. पहिला उंचवटा बेताचा, दुसरा त्याहून बसका, तिसरा जेमतेम. सहाव्यानंतर रेघ टेबलासारखी सपाट.

"असं कसं झालं?" सर म्हणाले.

"मी तेच विचारणार होते," डॉ. टिपणीस म्हणाल्या. "कंटाळलेल्या हॉलची रेघ पहिल्यापासून आडवी असते. ही उतरत गेली आहे. असा लेख मी एकदाच पाहिलाय, प्रयोगशाळेत. तासभर व्यायाम करून आलेल्या माणसांचा. तुम्ही लोकांनी दुपारी काय केलंत?"

सरांनी सगळं सांगून टाकलं. चूक झाली की कबूल करायची, हेच त्यांनी विद्यार्थ्यांना आयुष्यभर शिकवलं होतं.

"अहो, तो वायू म्हणजे हौदातलं पाणी आहे," बाई म्हणाल्या. राग आवाजात आला नाही, पण चष्मा मात्र त्यांनी काढून ठेवला. "स्नायू आवळला की हौद रिकामा होतो. भरायला तास लागतो. तुम्ही चार वेळा उपसलात, वर पहिल्या अर्ध्यात पुन्हा उपसलात. आता भूत जरी समोर आलं तरी तुमच्या लोकांच्या श्वासात काही यायचं नाही."

"तास," सर पुटपुटले. हाच तो अठरावा प्रश्न. "म्हणजे आत्तापासून अंग सैल सोडलं, तर शेवटच्या तीन शिखरांपर्यंत हौद भरतो?"

"भरेल. पण माझं ऐका. आता सगळं विसरा आणि लोकांना सिनेमा बघू द्या."

सर हॉलमध्ये परतले. अर्धं ऐकलं, अर्धं सोडलं. त्यांनी रांगांमधून निरोप फिरवला, की आता कुणी काही करायचं नाही. अंग सैल, शवासनात असल्यासारखं. डोळे मिटून संथ श्वास. पडद्यावर काहीही झालं तरी हलायचं नाही. चार त्रेचाळीसला मी टॉर्च वर करीन, तेव्हा सगळा जोर लावायचा.

हिशेब चोख होता. फक्त त्यात अलकनंदाचं नेहमीचं मध्यंतर, म्हणजे पंधरा मिनिटं धरलेली होती. कंपनीनं उपग्रहावरून आठच मिनिटं दिली.

उत्तरार्ध सुरू झाला. तीनशे माणसं डोळे मिटून निपचित पडली. सरांचे डोळे मनगटावरच्या घड्याळावर. चार छत्तीस झाले, चार चाळीस झाले. सरांनी टॉर्चवर अंगठा ठेवला. चार बेचाळीसला हॉलमधले दिवे लागले आणि सिनेमा संपला.

डॉ. टिपणीस खाली आल्या आणि त्यांनी पडद्यासमोर उभं राहून सांगितलं, की शेवटच्या भागात एकही शिखर आलेलं नाही. तेवढंच बोलून त्या बाजूच्या खुर्चीवर बसल्या. यंत्राचा छोटा पडदा त्यांच्या मांडीवर होता. हॉल रिकामा होईपर्यंत तो बंद करायचा नाही, असा नियम होता.

कुणी उठलं नाही. सर पुढे आले. "चूक सर्वस्वी माझी आहे. वहिनी, मी तुमचं थेटर घालवलं." आपण हुशारीच्या घमेंडीत होतो, हे त्यांना लख्ख दिसत होतं, आणि लाज वाटत होती.

तहसीन म्हणाल्या, "आता झालं ते झालं. निदान चिरफाड तरी करू. इतकी वर्षं कधी चुकली नाही."

चिरफाड ही मंडळाची जुनी रीत. सिनेमा संपला की जागेवरच तीन प्रश्न घ्यायचे. गृहीतक काय होतं? नियम कोणता? शेवट नियमाला धरून झाला का?

"बोला," तहसीन म्हणाल्या. "शेवट काय होता?"



"ती बाई यानात बसली ना?" कोल्हापूरच्या एकानं विचारलं.

"बसली? मला वाटलं यान आलंच नाही."

"मी श्वास मोजत होते."

"सर, तुम्ही बघितलात की?"

"मी घड्याळ बघत होतो," सर म्हणाले.

मधल्या रांगेत खुर्चीची बैठक फाडकन वर उचलली गेली. पद्मजा वहिनी उभ्या राहिल्या होत्या. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण ते थेटरापायी नव्हते.

"तीनशे माणसं बसलासा आणि एकानं बघितलं न्हाई?" त्या म्हणाल्या. "ती एवढीशी बाई तिथं एकटी, आणि तुमी डोळे मिटून पडलासा? थेटर गेलं तर गेलं, माझं मी बघीन. पण तिचं काय झालं ते न कळता तुमी घरला जाणार? गप बसा सगळी. कोण उठायचं न्हाई."

त्या पुढे आल्या. पदर खोचला. सरांना त्यांनी हातानंच बाजूला केलं.

"शनीच्या त्या चंद्रावर ती एकटी राहती. चार नंबरच्या दीपगृहात. येणाऱ्या जाणाऱ्या यानांनी वाट चुकू नये म्हणून रोज दिवा लावायचा, एवढंच काम. नऊ वर्षं झाली, एक यान आलं न्हाई. मग वरनं हुकूम येतो, आता दिवा लावायचा बंद कर आणि परत ये. न्यायला यान येतं. त्यात माणूस न्हाई. आपलं आपण येतंय, आपलं आपण जातंय, कुणासाठी थांबत न्हाई. आता ही काय करती? भांडी घासून पालथी घालती. परत कोण तिथं येणार न्हाई, कोण बघणार न्हाई, तरी घासती. बॅग घेती. यानात जाऊन बसती. पट्टा बांधती."

वहिनी थांबल्या. कुणीतरी भडंगाची पुडी उघडत होतं, त्याचा हात तसाच राहिला.

"आणि तिला आठवतं, आज दिवा लावला न्हाई. लावायचा नव्हताच. हुकूम होता की. पण नऊ वर्षांची सवय हो. हात गप बसत न्हाईत. खिडकीतनं बघती, तर सगळा अंधार. तिनं तो अंधार कधी बघितलाच नव्हता. आणि ती पट्टा सोडती."

डॉ. टिपणीसांच्या मांडीवर रेघेनं हळूच मान वर केली. त्यांना वाटलं, पंख्याची गडबड असेल.

"अगं बस की खाली, असं मी मोठ्यानं म्हटलं. तुमाला कुणाला ऐकू आलं न्हाई. ती उतरली. चार पावलं गेली, आणि पाठीमागं यानाचं दार मिटलं."

तहसीनचे दोन्ही हात तोंडावर गेले. सरांनी नकळत जवळच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. रेघ वर गेली, पहिल्या शिखराच्या दुप्पट, आणि खाली आली. डॉ. टिपणीस आता खुर्चीत सरळ बसल्या.

"मग रडली असंल, असं वाटतंय न्हवं? रडली न्हाई. गेली आणि दिवा लावला. खिडकीतनं तिचं यान बारीक बारीक होत चाललेलं दिसतंय. एवढं एवढं झालं. दिसंनासं झालं. तिनं खुर्ची ओढली, बसली. पालथी घातलेली एक कपबशी परत सुलटी केली."

वहिनींनी आवाज खाली आणला. शेवटच्या रांगेतली माणसं पुढे वाकली.

"आणि तो नऊ वर्षं मुका असलेला रेडिओ खरखरला. एका बाईचा आवाज आला, लई दमलेला. म्हणती, कोण हाय काय तिथं? आमी चाळीस जण हाय. वाट चुकून नऊ वर्षं झाली. पोरं इथंच जन्मली. सगळी आशा सोडली होती. आत्ता दिवा दिसला."

हॉलमध्ये एक चमत्कारिक आवाज झाला. तीनशे माणसांनी अडवून धरलेला श्वास एकदम सोडला, त्याचा तो आवाज होता. वहिनी पदराला डोळे पुसत म्हणाल्या, "संपलं," आणि बाजूला झाल्या.

अर्ध्या मिनिटानं डॉ. टिपणीसांच्या मांडीवरची रेघ चढायला लागली. पुणे-नागपूरच्या शिखरांची उंची तिनं ओलांडली, तरी ती थांबेना. भरलेले हौद कुणी उपसलेच नव्हते. सरांची टॉर्च वर गेलीच नव्हती. रेघ खाली आली तेव्हा यंत्रानं एक बारीक घंटी वाजवली आणि पडद्यावर शब्द आला: उत्तीर्ण.

बाईंनी तो दोनदा वाचला, मग सगळ्यांना वाचून दाखवला.

जल्लोष व्हायला हवा होता, पण त्याआधीच गुळवणी सर बोलले. समोर वहिनी होत्या आणि त्यांच्याकडे बघायचा धीर त्यांना होत नव्हता.

"मॅडम, हे धरता येणार नाही. पडदा बंद होता. सिनेमा संपून गेला होता. दुपारी एकदा लबाडी केली, आता नको."

"सर!" तहसीन म्हणाल्या.

"बरोबर बोलतायत ते," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "जे खरं हाय ते लिवा, बाई."

डॉ. टिपणीसांनी चष्मा चढवला आणि अहवालाचा अर्ज उघडला. थेटरचं नाव, खुर्च्या, तारीख, हॉलचं तापमान, दारं कधी बंद झाली, हॉल कधी रिकामा झाला. त्या एकेक रकाना मोठ्यानं वाचत गेल्या.

"पडदा चालू होता का, असा रकानाच नाही," त्या म्हणाल्या. "नियम मीच लिहिलाय. दारं बंद झाल्यापासून हॉल रिकामा होईपर्यंत, क्रम आणि उंची. यंत्राला पडदा दिसत नाही, सर. त्याला श्वास कळतो. समोर काय चाललंय ते आम्हाला माहीत आहे असं आम्ही धरून चाललो होतो."

"पण कंपनीला सांगावं लागेल," सर म्हणाले.

"सांगणारच." त्यांनी शेऱ्याच्या जागेत लिहिलं आणि तेही वाचून दाखवलं. "पूर्वार्धाचा लेख तालमीमुळे निरुपयोगी. तीन शिखरं चित्रपट संपल्यानंतर आली, पडदा बंद असताना. कारण, मालकीणबाईंनी शेवट सांगितला. हॉलबद्दल शंका नाही." आणि त्यांनी अहवाल पाठवून दिला. कंपनीत अहवाल माणूस वाचत नव्हता, यंत्र वाचायचं. दोन मिनिटांत उत्तर आलं, की सोमवारपासून अलकनंदा टॉकीजला रोज तीन खेळ, पहिला खेळ 'चौथं दीपगृह', दुपारी बारा.

मग मात्र जल्लोष झाला. बाहेर हलगी पुन्हा वाजू लागली. वाकलेल्या नाकाचं यान कुणीतरी डोक्यावर घेऊन नाचलं. वहिनी दारात उभ्या राहून एकेकाला बजावत होत्या, सावकाश, पायरी उंच हाय. शेवटचा माणूस उतरला तसे त्यांनी हॉलमधले दिवे घालवले, दार ओढलं, किल्ली लावली.

आणि नेहमीप्रमाणे दार पुन्हा उघडलं. पूर्वी एकदा दुपारच्या खेळाला यंत्रमागावरचा एक दमलेला कामगार आत झोपून राहिला होता आणि रात्रभर कोंडला गेला होता. तेव्हापासून प्रत्येक खेळानंतर त्या परत आत जाऊन हाक मारायच्या. बावीस वर्षांत त्या हाकेला एकदाही ओ आली नव्हती.

"कोण हाय काय आत?" वहिनींनी अंधारात विचारलं.

"मी आहे, वहिनी," गुळवणी सरांचा आवाज आला. "मला तो सिनेमा बघायचाय. उद्या बारापर्यंत बसू का इथंच?"

वहिनींनी दिवा लावला.